आडव्या बाटलीनंतर

माझे पहिले फुटबॉलचे बूट मामानं घेऊन दिले आणि त्याच वर्षी आमच्या फाट्यावर त्याचा बार सुरू झाला. त्या वेळी घरात दोन्ही गोष्टींचं कौतुकच झालं होतं.

आमचं गाव पलूसपासून जवळ, उसाच्या पट्ट्यातलं. डांबरी रस्त्याला लागून आमचा एक मोकळा तुकडा होता. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले तेव्हा त्या तुकड्याचं काय करायचं हे ठरलं नव्हतं. मामा आईचा धाकटा भाऊ. त्याच्या गावी त्याची खानावळ नीट चालत नव्हती. त्यानं आबांकडे जागा मागितली, आबांनी दिली. भाऊ जवळ राहायला येतोय म्हणून आई खूश होती. वर्षभरात तिथं विटांची लांबट इमारत उभी राहिली, आत लाल बल्ब लागले, बाहेर पाटी लागली: परमिट रूम आणि बीअर बार. परमिट रूम म्हणजे काय, असं मी आबांना विचारलं होतं. ते म्हणाले, पूर्वी राज्यात दारूबंदी होती, तेव्हा परवाना असलेल्या माणसालाच आत बसून प्यायला मिळायची. बंदी सैल झाली, पाटीवरचं नाव तेवढं राहिलं.

आबा बटालियनच्या संघात राइट बॅक खेळलेले. संध्याकाळी हायस्कूलच्या मैदानावर ते पोरांना शिकवायचे आणि त्या पोरांत आम्ही दोघी मुली होतो, मी आणि माझी मैत्रीण. मैत्रीण डाव्या बगलेनं धावायची. ती एकदा चेंडू घेऊन सुटली की पोरं पाठलाग सोडून उभी राहून बघत बसायची. मी बचावात. आबा मला एकच गोष्ट परत परत सांगत. "चेंडूकडं बघू नगं. म्होरच्याच्या कमरंकडं बघ. पाय फसवतो, कंबर न्हाई फसवत." पुढं परदेशातले प्रशिक्षक लाभले, त्यांनी फळ्यावर बाण काढून काढून हेच शिकवलं.

कोल्हापूरच्या एका स्पर्धेत आम्हा दोघींना बघून एका क्लबच्या माणसानं निरोप पाठवला. मैत्रिणीच्या घरी तो निरोप कुणी वाचलाही नाही. बारावी झाली आणि तिचं गावातल्या गावात लग्न लावलं. मी गेले. आधी पुण्याला, मग बंगळुरूला. तिथल्या संघात मला पगारावर घेतलं तेव्हा गावात बऱ्याच जणांना ते खरंच वाटेना. "खेळायचा पगार? आणि पोरीला?" असं आमच्या पारावर विचारलं गेलं. पुण्यात असताना हॉस्टेलमध्ये मला वेगळ्याच गोष्टीवरून हसायचे. आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. पुण्याच्या पोरी माझी नक्कल करायच्या. बोलताना मी काही ते सोडलं नाही, लिहिताना तेवढं पुस्तकी होतं.

मी दर सुट्टीला घरी यायची आणि दर वेळी आबा जरा आणखी बारीक झालेले दिसायचे. फौजेत त्यांना मोजून प्यायची सवय होती. इथं मेहुण्याचाच बार, काउंटरजवळची खुर्ची त्यांची ठरलेली, आणि 'दाजी, बास करा' म्हणायचा धीर मामाला व्हायचा नाही. सुरुवातीला ते मैदानावरून परतताना तिकडं जायचे. मग मैदान सुटलं. मग दुपारचं जेवण सुटलं. आई फोनवर हे काही सांगायची नाही. "बरं हाय सगळं. तू खातीस का न्हाई?" एवढंच.

एका हंगामात सरावात माझ्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. शस्त्रक्रिया झाली आणि क्लबनं मला काही महिन्यांसाठी घरी पाठवलं. क्लबची फिजिओ इंग्लंडची होती. निघायच्या आदल्या दिवशी ती मला आणि आणखी दोघींना एका नव्या जागेत घेऊन गेली. काचेचे पेले, उंच स्टुलं, मंद दिवे, सगळं बारसारखं, फक्त दारू नाही. आल्याचं, कोकमाचं, कसल्या कसल्या मुळ्यांचं पेय. मला हसू आलं. ती म्हणाली, ही कल्पना नवी नाही. तिच्या आजोळच्या गावात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गिरणी कामगारांसाठी असे बार काढले होते. दारू सोडल्याची शपथ घेतलेल्या माणसाला संध्याकाळी बसायला जागा तर हवी, म्हणून. तिच्या आजोबांनी त्यातला एक पाहिला होता. पुढं जवळजवळ सगळे बंद पडले. मी ते ऐकलं आणि विसरून गेले.

मी घरी पोचायच्या थोडं आधी मैत्रिणीचा नवरा गेला होता. तो ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर चालक होता. संध्याकाळी मामाच्या बारमधून निघाला आणि रस्त्यात उभ्या असलेल्या, मागं दिवा नसलेल्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल आदळली. मी भेटायला गेले तेव्हा मैत्रीण ज्वारी निवडत बसली होती. रडली नाही. माझ्या गुडघ्याकडे बघून म्हणाली, "लय दुखतंय का गं?" मग सुपातली ज्वारी तशीच ठेवून म्हणाली, "मी त्यो बार बंद करणार हाय. तुझ्या मामाचा हाय हे म्हाईत हाय मला. तू नाराज झालीस तरी चालंल."

मी म्हटलं, "आईशी बोललीस?"

"तुझ्या आईनंच पयली सही केलीया," ती म्हणाली.

आईनं मला हे सांगितलं नव्हतं. घरी येऊन विचारलं तर ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "माझा भाऊ हाय म्हणून सही पयली माझी. दुसऱ्या कुणी पयली केली असती तर त्येला वाटलं असतं, गाव माझ्यावर उठलं. आता त्येला कळंल, भैन उठली."

आमच्याकडे हे कसं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुरेशा बायकांनी अर्ज केला की अधिकारी पडताळणी करतात आणि मग मतदान घेतात. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. नुसतं जास्त मतं मिळून भागत नाही; यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारावा लागतो. जी बाई आलीच नाही ती उभ्या बाटलीच्याच बाजूची धरल्यासारखी. म्हणून नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या, लेकीच्या बाळंतपणाला इस्लामपूरला थांबलेल्या, सगळ्यांना त्या दिवशी गावात आणायचं होतं.

मला दोन्हीकडून बोलावणं आलं. बायका म्हणाल्या, तू टीव्हीत दिसतीस, तू नुसती आमच्यासंगं फिर. मामा स्वतः घरी आला, ओसरीवर बसला. त्यानं बुटांचा विषय काढला नाही. माझ्या गुडघ्यासाठी त्यानं सांगलीहून बर्फाची पिशवी आणली होती. ती माझ्या हातात देत म्हणाला, "तू कुणाच्याच बाजूनं बोलू नगंस पोरी. तेवढंच मागनं हाय. त्या ट्रॅक्टरवाल्या पोराला मी बोलवून पाजली न्हवती. त्यानं मागितली, मी दिली. मी न्हाई दिली तर पुढच्या गावात देत्यात."

मी त्याला काही कबूल केलं नाही. मला खरंच ठरवता येत नव्हतं. ज्या बारच्या जिवावर माझे बूट, मामानं पाठवलेलं पुण्याचं भाडं, खेळाडूचं खाणं चाललं होतं त्याच्यावर शिक्का मारायला बायकांना सांगायचं, हे तोंडात येत नव्हतं.

ठरलं ते मैदानावर. सकाळी मी गुडघ्याचा व्यायाम करायला हायस्कूलच्या मैदानात जायची. एक दिवस आबा मागून आले. दाढी केलेली, डोक्याला तेल. म्हणाले, "दे हिकडं. पास देतो तुला." मी चेंडू त्यांच्याकडे हलका ढकलला. तो त्यांच्या पायापाशी आला, त्यांनी पाय उचलला, आणि चेंडू तसाच पुढं निघून गेला. पाय हवेत राहिला. ते हसले. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा चेंडू आणायला मी गेले आणि मागं वळून पाहिलं तेव्हा ते जमिनीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरलेले, कारण हात थरथरत होते. सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते. "जरा चक्कर आली," ते म्हणाले. मग उठले आणि रस्त्याकडे चालू लागले. बार उघडायला अवकाश होता. तरी ते तिकडंच गेले.

त्या दुपारपासून मी मैत्रिणीबरोबर फिरले. कुबडी घेऊन वस्तीवस्तीवर गेले, मुंबईला फोन केले. मी भाषण एकदाही केलं नाही. दारात उभी राहायची, मैत्रीण बोलायची. मामा एकदा रस्त्यात दिसला. त्यानं गाडी थांबवली, आम्हा दोघींकडे पाहिलं, आणि म्हणाला, "उन्हाचं फिरू नगा, पाणी घिऊन निघत जावा." आणि गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मतदान शाळेच्या खोल्यांत झालं. पोलीस, अधिकारी, बायकांची रांग थेट फाटकाबाहेर. मामा समोरच्या टपरीशी पांढरा शर्ट घालून उभा होता आणि प्रत्येक वयस्क बाईला हात जोडत होता. आई रांगेत त्याच्यासमोरूनच गेली. त्यानं तिलाही हात जोडले. आईनं पदर सारखा केला आणि पुढं गेली.

आडवी बाटली निवडून आली. निम्म्याच्या वर थोडीच मतं होती, पण होती. बायकांनी गुलाल उधळला, मैत्रिणीला उचललं. तिच्या पांढऱ्या कपाळावर कुणीतरी गुलाल लावला, ती तो पुसायला लागली, मग पुसता पुसता थांबली. मामा मैदान ओलांडून आईपाशी आला. "आक्का, जिकलीस," तो म्हणाला. आई म्हणाली, "घरी ये जेवायला." तो आला नाही.

आबांनी निकाल पारावर ऐकला. घरी आले आणि मोठ्यानं म्हणाले, "न्हाई तर न्हाई. आजपासनं बंद. सोल्जर हाय मी." त्यांच्या अभिमानाला ते लागलं असावं, किंवा आईनं ज्यासाठी एवढं केलं ते तरी करून दाखवावं असं वाटलं असावं. बारला कुलूप लागलं, पण दुसऱ्या गावच्या दुकानात ते गेले नाहीत. गावातल्या माणसांनी येऊन त्यांची पाठ थोपटली. आईनं त्यांच्या आवडीचं मटण केलं. त्यांना ते खाववलं नाही. रात्रभर घाम यायचा, झोप लागायची नाही. आम्हाला वाटलं, सवय सुटताना एवढं होणारच.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा ओसरीवर उभे राहून भिंतीवरून काहीतरी झटकत होते. मी विचारलं, काय आहे? "मुंग्या. बघ की किती!" भिंत कोरी होती. मग ते माझ्याशी हिंदीत बोलायला लागले, मला कुण्या जवानाच्या नावानं हाक मारून, पोस्ट सोडून का आलास म्हणून रागवायला लागले. आई पाणी घेऊन आली तर तांब्या उडवून दिला. आणि मग अंगणात पाय टाकला तोच खाली कोसळले, सगळं अंग ताठ, दात आवळलेले, तोंडातून फेस. आईनं किंकाळी फोडली नाही. ती त्यांच्या डोक्याखाली स्वतःची मांडी सरकवत मला म्हणाली, "मामाला फोन कर."

मामा जीप घेऊन आला तेव्हा त्याच्या पायात चप्पल नव्हती. त्यानं आणि शेजाऱ्यांनी आबांना उचलून मागं ठेवलं. सांगलीपर्यंतचा तो रस्ता मला कधी इतका लांब वाटला नव्हता. उसाच्या ट्रॉल्यांना ओलांडताना मामा हॉर्नवरचा हात काढत नव्हता. वाटेत आबांना पुन्हा झटका आला. आई एकच वाक्य बोलली, "आरं हळू चालव, आपटतंय डोस्कं त्येंचं." आणि मामानं रडत रडत वेग कमी केला.

सांगलीच्या सरकारी दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं. संध्याकाळी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई आमच्याशी बोलल्या. बरीच वर्षं रोज पिणाऱ्या माणसानं एकदम सोडली तर असं होऊ शकतं, जीवसुद्धा जाऊ शकतो, असं त्यांनी सांगितलं. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन. वेळेत आणलंत म्हणून बरं झालं.

आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "म्हंजे, बाई, मीच मारत हुतो का ह्यास्नी?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "दारूनं हे झालंय. तुम्हाला आधी कुणी सांगायला हवं होतं, एवढंच."

आई भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्याशेजारी बसले. मला वाटलं ती आता रडेल. तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "गावात आणिक किती जणांनी सोडली आसंल गं? फोन लाव तिला." मी मैत्रिणीला फोन लावला. आईनं तिला सांगितलं, "घरोघर जा. ज्येचं हात थरथरत्यात, ज्येला झोप न्हाई, घाम येतोय, त्येला गाडीत घाल आणि हिकडं पाठव. बायका म्हणतील, हुईल बरं, ऐकू नगंस." मैत्रीण त्याच वेळी निघाली. दुसऱ्या दिवशी आमच्या गावची आणखी दोन माणसं त्याच वॉर्डात होती. त्यातल्या एकाच्या बायकोनं मैत्रिणीला आधी दारातून हाकलून दिलं होतं, असं नंतर कळलं. मैत्रीण तिच्या दारासमोरच बसून राहिली होती.

आबा शुद्धीवर आले तेव्हा त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. खिडकीतून मामाची जीप दिसली तेव्हा ते आईला म्हणाले, "मामाला सांग, गाडी सावलीत लावायची."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मामा आणि मी बरेच तास बसलो. त्याच्याकडे पाहून राग यायचा आणि लगेच त्याची अनवाणी पावलं दिसायची. तो म्हणाला, "तुज्या आबाला मी रोज बघत हुतो. माझ्यापुढंच बसत हुते ना." थोड्या वेळानं म्हणाला, "बंद झाल्यावर काय करू सांग. टेबलं हायती, दोन फ्रीज हायती. माणसं तर संध्याकाळी तिकडंच येणार. पाय वळत्यात."

तेव्हा मला फिजिओची गोष्ट आठवली. मी त्याला ती सांगितली: गिरणी कामगारांचे बार, शपथ, मुळ्यांची पेयं, बंगळुरूची ती काचेची जागा. तो मनापासून हसला, त्या आठवड्यात पहिल्यांदाच. "दारू न्हाई तर बार कशाचा गं? त्यो रसवंती झाला की." शेजारी बसलेल्या कुणाच्या तरी नातेवाइकालाही हसू आलं.

पण त्यानं ते केलं. रंगाऱ्याला बोलावून पाटीवरचे 'परमिट रूम' आणि 'बीअर' हे शब्द पुसून घेतले, 'बार' राहिला. लाल बल्ब काढून पांढरे लावले, मग ते दवाखान्यासारखे दिसतात म्हणून पिवळे लावले. सोडा, आलं-लिंबू, कोकम, मसाला ताक, उसाचा रस, आणि चकना होता तोच: शेंगदाणे, उकडलेली अंडी, कांदा. सांगलीहून त्यानं बिनदारूची बीअरही आणली. ती प्यायला गाव लोटलं आणि दुसऱ्या दिवशी एकानंही मागितली नाही. "तोंड तेवढं कडू हुतंय," असं एकाचं मत पडलं. पहिले काही दिवस माणसं मजा बघायला आली. काही जण दुसरीकडून पिऊन यायचे आणि इथं बसून ताक मागायचे, त्यांना मामा हात धरून बाहेर नेऊन सोडायचा. हे काम त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं.

आबा घरी आले. गोळ्या होत्या, दर पंधरवड्याला सांगलीची फेरी होती. संध्याकाळ झाली की ते शर्ट बदलायचे, केस विंचरायचे आणि अंगणात उभे राहायचे. कुठं जायचं ते कळायचं नाही. शेवटी एक दिवस आई म्हणाली, "जावा. पण मी बघून येतो आधी." ती बारच्या दारापर्यंत गेली, आत पाय न ठेवता वाकून सगळीकडं बघितलं, वास घेतला, आणि परत आली. "त्या काउंटरजवळच्या खुर्चीत बसायचं न्हाई," एवढी तिची अट. आबा मग रस्त्याकडे तोंड करून खिडकीपाशी बसायला लागले. कोकम घ्यायचे. सांगलीच्या वॉर्डात होती त्या दोन माणसांपैकी एक जण त्यांच्यासोबत यायचा.

गुडघा बरा झाल्यावर मी क्लबला परतले. त्या हंगामातला आमचा एक सामना मोबाइलवर थेट दिसणार होता. मैत्रिणीनं मामाला गाठलं आणि म्हणाली, "मोठ्या टीव्हीवर लाव. आमी बायका येणार." मामा म्हणाला, "बारात?" ती म्हणाली, "तुमीच म्हणताय की दारू न्हाई म्हणून." गावातल्या बायका इतकी वर्षं त्या इमारतीसमोरून मान वळवून, पावलं उचलून गेल्या होत्या. त्या दिवशी दुपारी मुलींना घेऊन त्या आत आल्या. खुर्च्या पुरेनात म्हणून जमिनीवर बसल्या. मला शेवटच्या टप्प्यात मैदानात उतरवलं, आणि सामना संपायच्या थोडं आधी त्यांची आघाडीची खेळाडू एकटी सुटली असताना मी तिच्या कमरेकडे बघत मागं सरकत राहिले आणि चेंडू काढून घेतला. आम्ही जिंकलो नाही, बरोबरी झाली. कपडे बदलायच्या खोलीत येऊन फोन उघडला तर मैत्रिणीचा व्हिडिओ आला होता. आई बारच्या खुर्चीत, डोक्यावरून पदर, हातात सोड्याचा ग्लास, पिणं विसरलेली. आबा उभे राहून पोरींना समजावत होते, "कंबर! कंबर बघितली का तिची?" मागं मामा ट्रे घेऊन तसाच थांबला होता. आई आणि तो एका चौकटीत दिसत होते. मी तो व्हिडिओ अजून ठेवला आहे.

इथंच थांबता आलं असतं तर बरं होतं.

हंगाम संपल्यावर एका दुपारी आमच्या संघाच्या व्हॉट्सॲप गटावर क्लबच्या कार्यालयाचा संदेश आला. पुरुषांचा संघ राहील, महिलांचा संघ पुढच्या वर्षी असणार नाही, सहकार्याबद्दल आभार. आम्ही जेवायला बसलो होतो. आमच्या गोलरक्षक मुलीनं तो मोठ्यानं वाचला. आठवडाभरात हॉस्टेल रिकामं करायचं होतं. फिजिओ तिच्या देशात परतली. काही जणींना दुसरे क्लब मिळाले. माझा शस्त्रक्रिया झालेला गुडघा आणि वय बघून कुणी बोलावलं नाही.

गावी आले तर बारमध्ये शुकशुकाट होता. उन्हाळ्यात सोडा-रस चालला, पण तोपर्यंत ओढ्यापलीकडं प्लास्टिकच्या पिशवीतली, फुग्याची गावठी दारू विकणारा कुणीतरी आला होता. मोटरसायकलवरून येतो, फोन केला की उसाच्या बांधावर देतो. मैत्रीण पोलिसांकडे दोनदा जाऊन आली. तो पकडला गेला, सुटला, पुन्हा दिसायला लागला. मामा पावसाळ्यापर्यंत टिकला. मग त्यानं टेबलं विकली आणि त्याच्या गावी परत गेला. जाताना तो घरी आला, या वेळी जेवला. आईनं वाढलं. "आक्का, तू चुकली न्हाईस," तो हात धुताना म्हणाला, "पर माझं मोडलं." आईनं त्याच्यापुढं टॉवेल धरला. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही. तिनं ओवाळायचं ताट केलं होतं, संध्याकाळी तिनंच ते आवरलं. दोघं फोनवर बोलतात, तब्येतीचं, पावसाचं.

मी आता आठवड्यातले काही दिवस सांगलीच्या एका शाळेत मुलींना शिकवते. उरलेल्या दिवशी आमच्या मैदानावर. मैत्रीण येते, साडी खोचून डाव्या बगलेनं धावून दाखवते. तिचा वेग अजून पोरींना झेपत नाही.

गेल्या महिन्यात आबा निवृत्तिवेतनाच्या कामासाठी एकटेच इस्लामपूरला गेले होते. दुपारी त्यांचा फोन आला. आवाज जड होता. "घ्यायला ये," ते म्हणाले. "एसटी स्टँडवर हाय. घेतली मी."

मी गेले. ते फलाटाशेजारच्या बाकावर सरळ बसले होते, कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरून. वास येत होता. मी शेजारी बसले. बराच वेळ आम्ही गाड्या बघत राहिलो.

"आईला सांगणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "फोन करायच्या आधी बाटली टाकून दिली बघ. अर्धी हुती." ते खरं होतं की नाही मला माहीत नाही. मी पाण्याची बाटली दिली, त्यांनी थोडं पाणी घेतलं. पलूसची गाडी लागली, तेव्हा त्यांनी स्वतः उठून माझा हात धरला.

घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं. तिनं डॉक्टरीणबाईंचा नंबर काढून माझ्यापुढं फोन धरला. आता आम्ही पुन्हा दर आठवड्याला सांगलीला जातो. बसमध्ये आबा खिडकीशी बसतात. काही दिवस ते बोलतात, काही दिवस नाही. दवाखान्यात त्यांचं नाव पुकारलं की उभे राहून शर्ट खाली ओढतात आणि आत जातात, आणि मी बाहेरच्या बाकावर थांबते.